महायुद्धातली सुपरहिरो कॉमिक्स आणि माजी सैनिकांचा सन्मान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स जमवायचा मला नाद आहे. अस्सल अंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळी पुनर्मुद्रणं. ती भिंतीवर मांडली की बघणारे फिरून तेच प्रश्न विचारतात. कुणाला इतिहास हवा असतो, कुणाला किंमत. घरातल्या फौजी माणसासाठी असंच काहीतरी करायचंय, असं म्हणणारेही बरेच भेटतात. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं.

ही कॉमिक्स नेमकी कोणत्या काळातली?

'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर जून १९३८ ही तारीख आहे. त्यात सुपरमॅन आला आणि सुपरहिरोंचं पेव फुटलं. तिथपासून १९४५ मध्ये युद्ध संपेपर्यंतचा काळ धरायचा. अंक साधारण ६४ पानांचा, किंमत १० सेंट, कागद वर्तमानपत्राचा, छपाई चार रंगांची. युद्धात कागदाची टंचाई झाली तशी पानं घटत गेली. चित्रकार बहुतेक विशी-पंचविशीतले, न्यूयॉर्कमधल्या गरीब, स्थलांतरित कुटुंबांतले, त्यांतही ज्यू पुष्कळ. एक पेन्सिलीनं रेखाटणार, दुसरा शाई चढवणार, तिसरा फुग्यांतली अक्षरं काढणार, असा कारखाना चाले.

सुपरहिरो काल्पनिक आणि सैनिक खरे. मग यात सैनिकांचा सन्मान कुठे आला?

नुसतं चित्र टांगलं तर कुठेच नाही. कॅप्टन अमेरिका या सुपरहिरोचं पोस्टर हे कॅप्टन अमेरिकाचं पोस्टर असतं, त्यानं कुणा सुभेदाराचा किंवा सार्जंटचा मान वाढत नाही. पण हे चित्र काढणारा हात पुढे बंदूक धरून फ्रान्सच्या चिखलात गेला होता, हे कळलं की बघणाऱ्याची नजर बदलते. मी प्रत्येक चित्राखाली निदान एका खऱ्या माणसाचं नाव लिहितो. ते चित्रकाराचं असेल, एखाद्या वाचक सैनिकाचं असेल किंवा त्याच आघाडीवर लढलेल्या कुणाचं असेल. नाव नसेल तर ती सजावट झाली. सजावटीला माझी हरकत नाही, फक्त तिला सन्मान म्हणू नये.

हिटलरला ठोसा लगावणारं ते प्रसिद्ध मुखपृष्ठ अमेरिका युद्धात उतरल्यावर आलं ना?

नाही, जवळजवळ वर्षभर आधी आलं. 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ छापलंय, पण तो स्टॉलवर आला २० डिसेंबर १९४० ला. ज्यामुळे अमेरिका युद्धात उतरली तो जपानचा पर्ल हार्बरवरचा हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला. म्हणजे अंक निघाला तेव्हा अमेरिका अधिकृतपणे तटस्थ होती आणि युरोपच्या भानगडीत पडू नये असं म्हणणारे लोक तिथे भरपूर होते. त्या वातावरणात जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू पोरांनी सत्तेवर असलेल्या एका राष्ट्रप्रमुखाच्या जबड्यावर ठोसा काढला. सायमन तेव्हा २७ वर्षांचा होता, कर्बी २३ चा.

ते मुखपृष्ठ जवळून बघा. हिटलर मागे कोलमडतोय. भोवतालच्या नाझींच्या गोळ्या ढालीवर आपटून उडताहेत. भिंतीवरच्या पडद्यावर एक हेर अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवताना दिसतो आणि खाली अमेरिकेचा नकाशा आणि घातपाताच्या योजनांचे कागद पडलेत. उजवीकडे खाली एका गोलात कॅप्टन अमेरिकाचा पोरसवदा साथीदार बकी सलाम ठोकतोय. ढाल मात्र ओळखीची गोल नाही, तिकोनी आहे. 'द शील्ड' नावाचा दुसऱ्या प्रकाशकाचा नायक आधीच बाजारात होता. त्याच्या छातीवरच्या चिलखताशी ती ढाल फार जुळते, अशी तक्रार आल्यावर दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली. आज जगभर खेळण्यांच्या दुकानांत मिळणारी ती गोल ढाल अशी एका तक्रारीतून जन्मली.

अंक दहा लाखांच्या आसपास खपला. त्याबरोबर धमक्याही आल्या. अमेरिकेतले नाझी समर्थक पत्रं पाठवायचे, कचेरीच्या इमारतीबाहेर घुटमळायचे. सायमननं पुढे सांगितलंय की न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांचा स्वतःहून फोन आला आणि कचेरीला पोलिसांचं संरक्षण मिळालं.

चित्रकार खरंच युद्धावर गेले होते का?

बरेच गेले, आणि माझ्या मते या विषयाचा गाभाच तो आहे.

जॅक कर्बी जून १९४३ मध्ये सक्तीच्या भरतीत गेला. ऑगस्ट १९४४ मध्ये तो नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरला, ५ व्या इन्फंट्री डिव्हिजनचा साधा पायदळ शिपाई म्हणून. तो स्वतः सांगायचा की दोस्त फौजांच्या ६ जूनच्या मुख्य हल्ल्यानंतर दहा दिवसांतच आपण तिथे पोचलो. कागदपत्रं म्हणतात अडीच महिन्यांनी. म्हाताऱ्या फौजींच्या आठवणीत तारखा अशा सरकतातच, त्यावरून कुणी त्यांना खोटं पाडू नये. कॅप्टन अमेरिका काढणारा तो हाच, हे एका लेफ्टनंटच्या कानावर गेलं. आता कौतुक होणार असं कर्बीला वाटलं असेल. लेफ्टनंटनं त्याला टेहळणीवर धाडलं: पुढे जा, शत्रूची ठाणी बघ आणि नकाशे काढून आण. चित्रकला येते म्हणून सगळ्यांत धोक्याचं काम मिळालं. त्या हिवाळ्यात त्याचे पाय हिमदंशानं इतके सडले की लंडनच्या इस्पितळात डॉक्टर ते कापायच्या विचारात होते. पाय वाचले. जुलै १९४५ मध्ये तो फौजेतून सुटला तेव्हा त्याचा हुद्दा होता प्रायव्हेट फर्स्ट क्लास, आपल्याकडच्या लान्स नायकाच्या आसपासचा. कॅप्टनचा जन्मदाता कॅप्टनच्या जवळपासही पोचला नाही.

जो सायमन तटरक्षक दलात होता. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर घोड्यावरून गस्त घालायचा, पुढे त्याच दलासाठी वॉशिंग्टनमध्ये चित्रकाम केलं. पुढे मार्व्हलमुळे जगप्रसिद्ध झालेला लेखक स्टॅन ली सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागात गेला आणि त्याला प्रशिक्षणपट आणि पोस्टरं लिहायच्या कामाला जुंपलं. गुप्तरोगापासून सावध राहा असं सांगणारं पोस्टरही त्यानं लिहिलं. हे काम हसण्यावारी नेऊ नका, गुप्तरोगांनी फौजा खिळखिळ्या होतात.

विल आइस्नरची गोष्ट मला सर्वांत आवडते. 'द स्पिरिट' काढणारा हा माणूस १९४२ मध्ये फौजेत गेला आणि त्यानं जो डोप नावाचा एक गबाळा शिपाई जन्माला घातला. जो डोप गाडीत तेल घालायला विसरतो, बोल्ट सैल सोडतो आणि मग आपटतो. उद्देश एकच: विशीतल्या पोरांनी गाड्यांची देखभाल नीट करावी. जाडजूड नियमपुस्तिका कुणी उघडत नव्हतं, जो डोप सगळे वाचायचे. कोरियन युद्धाच्या वेळी, १९५१ मध्ये, याच कल्पनेतून लष्कराचं देखभालीचं मासिक निघालं आणि आइस्नरनं ते वीस वर्षं सांभाळलं. कॉमिक्सनं सैनिकाचा जीव वाचवला असेल तर तो इथे वाचवला, ठोशांच्या चित्रांनी नव्हे.

काही जण परतले नाहीत. बर्ट क्रिस्टमन हा जुन्या 'सँडमॅन'चा सहनिर्माता. चित्रांत विमानं काढता काढता तो स्वतः वैमानिक झाला आणि चीनच्या बाजूनं जपानशी लढणाऱ्या 'फ्लाइंग टायगर्स' या अमेरिकन स्वयंसेवक तुकडीत दाखल झाला. २३ जानेवारी १९४२ रोजी रंगूनजवळच्या लढाईत त्याचं विमान निकामी झालं. त्यानं पॅराशूट घेऊन उडी मारली आणि हवेतच त्याला गोळ्या घातल्या गेल्या. पुढे ॲक्वामॅनसाठी नावाजलेला निक कार्डी रणगाड्यांवर होता आणि जखमींना देतात ती दोन पर्पल हार्ट पदकं घेऊन परतला. सॅम ग्लान्झमन 'यूएसएस स्टीव्हन्स' या विनाशिकेवर खलाशी होता. त्या जहाजावरच्या रोजच्या जगण्याच्या गोष्टी तो पुढे आयुष्यभर काढत राहिला.

सुपरमॅन का नाही गेला युद्धावर?

डोळे तपासणीत नापास झाला! फेब्रुवारी १९४२ मधल्या वर्तमानपत्री चित्रपट्टीत क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, भरतीला जातो. उत्साहाच्या भरात त्याची क्ष-किरण नजर भिंतीच्या पार जाते आणि तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो. डॉक्टर त्याला आंधळा ठरवून घरी पाठवतात.

गंमत वाटते, पण ही मोठी अडचण होती. सुपरमॅन बर्लिनला गेला तर युद्ध दुपारच्या जेवणाआधी संपायला हवं. तसं दाखवलं तर खरी पोरं जिथे रोज मरताहेत त्या आघाडीची थट्टा होते. म्हणून युद्ध आमची फौज सुपरमॅनशिवाय जिंकेल, अशी भूमिका त्या मालिकेनंच घेतली. माझ्या मते त्या काळातला सैनिकांचा सर्वांत मोठा सन्मान हाच. सर्वशक्तिमान नायकाला मुद्दाम बाजूला बसवलं आणि मधली जागा शिपायाला दिली.

त्याआधी मात्र, फेब्रुवारी १९४० मध्ये, 'लुक' मासिकातल्या दोन पानी कथेत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन दोघांना मानगुटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभा करतो. त्यावर एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या साप्ताहिकानं लेखक जेरी सीगलवर आगपाखड करणारा लेख छापला, त्याच्या ज्यू असण्यावरून. हाच सीगल १९४३ मध्ये फौजेत गेला आणि हवाई बेटांवर फौजी वर्तमानपत्रात काम करत होता.

सैनिक स्वतः ही कॉमिक्स वाचायचे का?

भरपूर. लष्करी कॅन्टीनमध्ये कॉमिक्सचा खप त्या काळच्या नामांकित मासिकांपेक्षा कितीतरी जास्त होता. अंक हलका, गुंडाळून खिशात मावणारा, कुठल्याही पानापासून वाचता येणारा. एक अंक दहा जणांच्या हातून जायचा आणि शेवटी चिंध्या व्हायच्या. म्हणून फौजी हातांतून गेलेले अंक आज जवळपास मिळतच नाहीत. मिळालाच आणि त्यावर शिपायाचं नाव किंवा छावणीचा शिक्का असला, तर संग्राहक त्याला डाग समजून भाव पाडतात. मी उलट जास्त दाम मोजीन.

मुखपृष्ठांवर 'वॉर बाँड घ्या' असं सारखं का दिसतं?

युद्धाचा खर्च भागवायला सरकारनं लोकांकडून कर्ज घेतलं. मुदतीनंतर २५ डॉलर देणारा रोखा १८.७५ डॉलरला मिळे. तेवढेही नसले तर १० सेंटची तिकिटं वहीत चिकटवत जायचं आणि वही भरली की रोखा घ्यायचा. दहा सेंट म्हणजे एका कॉमिकची किंमत. पोरांना खाऊचे पैसे तिकिटांत घालायला सांगायला सुपरहिरोपेक्षा चांगला विक्रेता कोण मिळणार? शिवाय त्याला मानधन द्यावं लागत नाही.

जपानी लोकांची ती विद्रूप चित्रं प्रदर्शनात ठेवावीत का?

मला विचारलेल्या प्रश्नांत सर्वांत अवघड हा.

आधी वस्तुस्थिती. जर्मन शत्रू काढताना चित्रकार नाझी काढत: गणवेश, स्वस्तिक, एकडोळी चष्मा. जपानी शत्रू काढताना ते अख्खी जमात काढत. हळदी-पिवळी कातडी, सुळे, माकडासारखा चेहरा. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या मार्च १९४३ च्या मुखपृष्ठावर खुद्द सुपरमॅन छापखान्यात उभा आहे आणि जपान्यांना हिणवणारा शब्द असलेली पोस्टरं छापतोय. काळ्या लोकांचंही तेच. 'यंग अलाइज'मधला काळा मुलगा जाड ओठांचा, भित्रा, विनोदापुरता. 'कॅप्टन मार्व्हल'मधलं तसंच एक पात्र १९४५ मध्ये काढून टाकलं गेलं, कारण न्यूयॉर्कमधली शाळकरी मुलं प्रकाशकाकडे जाऊन भिडली.

आता दुसरी बाजू. अमेरिकेनं सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्याच छावण्यांतून तरुण पोरं फौजेत भरती झाली. जपानी वंशाच्या सैनिकांची ४४२ वी रेजिमेंटल काँबॅट टीम इटलीत आणि फ्रान्समध्ये अशी लढली की तिची गणना अमेरिकेच्या सर्वाधिक पदकं मिळवणाऱ्या तुकड्यांत होते. तेही माजी सैनिकच. त्यांच्या नातवंडांनी तुमच्या प्रदर्शनात येऊन ते सुळे बघायचे का?

माझा नियम असा: अभ्यासाच्या मांडणीत अशी चित्रं ठेवायची, शेजारी ४४२ व्या तुकडीचा फोटो आणि चार ओळी माहिती लावायची. सत्काराच्या कार्यक्रमात, जिथे माजी सैनिक पाहुणे म्हणून बसलेत, तिथे ती आणायचीच नाहीत. 'तेव्हा असंच होतं' एवढं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. तेव्हाही वेगळं काढणारे होतेच. चिनी वंशाच्या चू हिंगनं १९४४ मध्ये 'ग्रीन टर्टल' हा चीनमध्ये लढणारा नायक काढला. त्याचा चेहरा चित्रांत सतत वळलेला किंवा झाकलेला असतो. नायक चिनी नको असं प्रकाशकानं बजावलं म्हणून चित्रकारानं चेहराच दाखवला नाही, अशी आख्यायिका आहे.

बायका कुठे आहेत यात?

वंडर वुमन १९४१ च्या अखेरीस आली आणि तिनं आपलं नागरी सोंग म्हणून फौजी परिचारिकेचा गणवेश घेतला. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती लिली रेने. व्हिएन्नातली ज्यू मुलगी, नाझींपासून वाचवण्यासाठी मुलांना नेणाऱ्या आगगाडीनं इंग्लंडला पोचली, तिथून न्यूयॉर्कला. पुरुष चित्रकार फौजेत गेल्यानं जागा रिकाम्या झाल्या होत्या. तिला काम मिळालं आणि 'सेन्योरिटा रिओ' या नाझींशी लढणाऱ्या हेर नायिकेची चित्रं तिनं काढली. वाचकांची पत्रं यायची, ती 'मिस्टर रेने' या नावानं.

भिंतीसाठी एकच चित्रकार निवडायचा झाला तर कोण?

ॲलेक्स शोमबर्ग. पोर्तो रिकोत जन्मलेल्या या माणसाची 'टाइमली'ची, म्हणजे कॅप्टन अमेरिका छापणाऱ्या कंपनीची, मुखपृष्ठं म्हणजे पंढरीच्या वारीतली गर्दी. एका चौकटीत रणगाडे, पॅराशूट, बांधून ठेवलेला साथीदार, पेटती पाणबुडी, तीन सुपरहिरो, चाळीस नाझी, आणि तरी नजर कुठे अडखळत नाही. मोठं छापून लावलं तर लोक समोरून हलत नाहीत.

हे अंक इतके दुर्मीळ का?

युद्धात जुना कागद गोळा करायच्या मोहिमा निघत. पोरं हातगाड्या घेऊन दारोदार फिरत आणि स्वतःचे अंकही त्यात टाकत. गोळा झालेल्या कागदातून दारूगोळ्याची खोकी आणि वेष्टनं बनत. तसं करायचं आवाहन कॉमिक्समध्येच छापलेलं असे. शिवाय कागद हलका, आम्लयुक्त, आपोआप पिवळा पडून चुरा होणारा.

जे टिकलं त्यातल्या एका संग्रहाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातला एक तरुण नेमानं अंक घेऊन ठेवायचा. तो नौदलात गेला आणि युद्धात मारला गेला. आईवडिलांनी त्याचे अंक तसेच ठेवले. ते १९७० च्या दशकात, त्यांच्या पश्चात बाहेर आले, जवळजवळ कोरे. त्यातलाच 'कॅप्टन अमेरिका'चा पहिला अंक २०२२ मध्ये ३१ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. लिलावाच्या बातम्यांत आकड्याचा मथळा होतो आणि तो मुलगा एखाद्या ओळीत उरकला जातो.

माझ्याकडचा अंक अस्सल आहे की पुनर्मुद्रण, कसं ओळखू?

बहुधा पुनर्मुद्रणच. आतल्या पानावरची बारीक अक्षरं वाचा, प्रकाशनाचं साल तिथे असतं. जाहिराती बघा. आकार मोजा: त्या काळचा अंक सुमारे पावणेआठ इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच. १९७० च्या दशकात काही पहिले अंक मोठ्या आकारात पुन्हा छापले गेले होते. त्यांचं बाहेरचं आवरण काढलं की आत हुबेहूब जुनं मुखपृष्ठ निघतं आणि त्यावर आजही लोक फसतात. कागद गुळगुळीत, पांढराशुभ्र असेल तर उगाच आशा धरू नका.

आपल्याकडच्या पावसाळ्यात हे टिकवायचं कसं?

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. नेहमीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ती काही वर्षांत चिकट होते. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं आणि आम्लविरहित पुठ्ठा घ्या, अंक उभे ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. कोकणात किंवा मुंबईत असाल तर सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या वेळच्या वेळी बदला. कसर जुन्या कागदावर तुटून पडते. डांबराच्या गोळ्यांचा वास कागदात मुरतो, त्या टाळा. भिंतीवर नेहमी प्रत लावा. अस्सल अंक उजेडात वर्षभर राहिला तर लाल रंग विटतो.

कार्यक्रमासाठी ही चित्रं छापता येतील का? हक्कांचं काय?

कॅप्टन अमेरिका, सुपरमॅन, वंडर वुमन यांचे हक्क कंपन्यांकडे आहेत. प्रकाशनापासून ९५ वर्षांचा हिशेब आहे, म्हणजे अजून वेळ आहे. घरात एक प्रत लावणं वेगळं आणि बॅनर, टी-शर्ट, विक्री वेगळी. त्यासाठी परवानगी हवी.

पण अमेरिकेत १९६४ पूर्वीच्या प्रकाशनांचे हक्क २८ वर्षांनी नव्यानं नोंदवावे लागत आणि अनेक छोट्या प्रकाशकांनी ते केलं नाही. ते नायक आता सगळ्यांचे आहेत. 'ब्लॅक टेरर' आणि 'फायटिंग यांक' ही त्यातली ठळक नावं. 'डिजिटल कॉमिक म्युझियम' या संकेतस्थळावर असे अंक फुकट उतरवून घेता येतात. माझी शिफारस 'फायटिंग यांक'ची. त्याला शक्ती मिळते ती अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या पूर्वजाच्या झग्यातून. माजी सैनिकांच्या कार्यक्रमाला याहून चपखल नायक शोधून सापडायचा नाही.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

एक धागा आपल्या पिढीच्या हातातूनच गेलाय. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, मूळचा 'फँटम'. ली फॉकचा हा नायक १९४२ मध्ये वर्तमानपत्री पट्टीत जपानी आक्रमकांशी लढत होता. ती मालिका काढणारा रे मूर हवाई दलात गेला आणि काम त्याच्या मदतनिसाकडे, विल्सन मॅकॉयकडे आलं. मॅकॉयची ती साधी, जाड रेषा आपल्यापैकी अनेकांनी इंद्रजालमध्ये पाहिली आहे. चित्रकार युद्धावर गेल्यामुळे आपल्या वेताळाचा चेहरा बदलला, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

दुसरा धागा रणांगणाचा. कर्बी नॉर्मंडीत उतरला त्याच्या सहा आठवडे आधी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधली बाकी सगळी माणसं पडली. घाडगे एकटे धावत गेले, हातबॉम्ब फेकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. आता सांगा, हे दृश्य कुठल्या सुपरहिरोच्या पानापेक्षा कमी आहे? फक्त ते काढणारा कर्बी आपल्याकडे नव्हता.

आमचे आजोबा फौजेत होते. त्यांचं जुन्या कॉमिकच्या मुखपृष्ठासारखं चित्र करून द्यायचंय. काय सांभाळावं?

आधी त्यांना विचारा. 'हिरो' म्हटलेलं अनेक फौजींना रुचत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे परत न आलेला सोबती असतो.

मग कागद काढा. डिस्चार्ज बुकात पलटण, हुद्दा, पदकं सगळं असतं. हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात चौकशी करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं मुख्य ठाणं बेळगावला आहे. न मिळालेलं पदक चित्रात चढवू नका. शिपायाच्या खांद्यावर सुभेदाराचे तारे काढलेत तर आजोबा काही बोलणार नाहीत, पण सत्काराला आलेले त्यांचे पलटणवाले लगेच ओळखतील आणि अवघडल्यासारखं होईल.

रूप जुन्या अंकांचं घ्या: ठळक शीर्षक, वरच्या कोपऱ्यात किंमत आणि महिना, रंग मोजकेच, ठिपक्यांची छटा. तारीख त्यांच्या भरतीची घाला. अंगावर केप घालू नका, गणवेश पुरेसा आहे. प्रसंग त्यांनी स्वतः सांगितलेला निवडा, मग तो स्वयंपाकखान्याचा का असेना. एका ओळखीच्या ड्रायव्हर हवालदारांसाठी आम्ही बर्फात अडकलेला ट्रक ढकलणारी माणसं काढली, शत्रू कुठेच नाही. त्यांनी ते चित्र हातात घेतलं आणि आधी ट्रकची चाकं तपासली. मागच्या चाकांना बर्फातली साखळी चितारायची राहिली होती. ती चितारून घेतली, मगच फ्रेमला दिलं.

यातून युद्धाचं उदात्तीकरण होत नाही का?

होतं. ती चित्रं प्रचारासाठीच होती, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच चित्रकारांनी नंतर काय काढलं तेही शेजारी लावा. कर्बीनं १९७४-७५ मध्ये 'द लूजर्स' ही युद्धकथा मालिका केली, तिच्यात त्याची स्वतःची आघाडी उतरली आहे. घाबरलेली, थकलेली, मळलेली माणसं. जो क्युबर्टनं आपल्या युद्धकथांच्या शेवटी 'आता युद्ध पुरे' अशा अर्थाची मुद्रा छापायला सुरुवात केली. फौजेतला व्यंगचित्रकार बिल मॉल्डिननं युद्ध चालू असतानाच दाढी वाढलेले, चिखलात लडबडलेले विली आणि जो हे दोन साधे शिपाई काढले. त्यावर अमेरिकेच्याच जनरल पॅटननं त्याला बोलावून झापलं, आणि १९४५ मध्ये त्याला पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. २००२ मध्ये मॉल्डिन कॅलिफोर्नियातल्या एका शुश्रूषागृहात विस्मरणानं आजारी आहे असं कळल्यावर म्हाताऱ्या सैनिकांची हजारो पत्रं आली, कित्येक जण भेटायला गेले. सुपरहिरोंच्या चित्रकारांना असं प्रेम क्वचित मिळालं, कारण विली आणि जो उडत नव्हते.

युद्ध संपल्यावर या नायकांचं काय झालं?

खप पडला. कॅप्टन अमेरिकाची मालिका १९५० च्या सुरुवातीला बंद झाली, मध्ये एकदा पुन्हा आणायचा प्रयत्न फसला. मार्च १९६४ च्या 'ॲव्हेंजर्स' अंकात तो बर्फात गोठलेला सापडला: सोबती मेलेला, ओळखीचं जग संपलेलं, अंगावर जुनाच गणवेश. माझ्या मते तो खऱ्या अर्थानं माजी सैनिक झाला तो इथे.

कार्यक्रम कोणत्या दिवशी करावा?

अमेरिकेत ११ नोव्हेंबर हा हयात आणि दिवंगत अशा सगळ्या माजी सैनिकांचा दिवस आहे. मे महिन्यातला मेमोरियल डे फक्त युद्धात पडलेल्यांचा. तिथल्या महाराष्ट्र मंडळांत कधीकधी दोन्हींची सरमिसळ होते, ती टाळा. भारतात ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वज दिन, सोयीचा. निधीपेटी ठेवा. चित्रांखालचे मजकूर मोठ्या अक्षरांत छापा, आलेले पाहुणे बहुतेक सत्तरीच्या पुढचे असतात, आणि खुर्च्या मोजून त्याहून दहा जास्त मागवा.